मेलेलं माकड ही बातमी असते

गेल्या महिन्यात मी एक बातमी कापली. चार ओळींची होती. सिंधुदुर्गातल्या एका गावात काजूच्या बागेत माकड मृतावस्थेत आढळलं, ग्रामस्थांनी वनविभागाला कळवलं, एवढंच. इंटर्नशिपचा माझा दुसराच आठवडा. पानावर जागा कमी पडत होती आणि एका नटाचा विमानतळावरचा फोटो लावायचा होता. मी म्हटलं, माकडच तर आहे, उडवूया.

रात्री पान तपासताना डेस्कवरच्या मॅडमनी विचारलं, ‘‘ती माकडाची बातमी कुठे गेली?’’ मी खरं ते सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. फोटो लहान केला, बातमी परत आत घेतली आणि म्हणाल्या, ‘‘सिंधुदुर्गात माकड मेलं की ती प्राण्याची बातमी नसते. आरोग्याची असते.’’

मला काही कळलं नाही. हॉस्टेलवर आल्यावर रूममेटला विचारलं. ती दोडामार्ग तालुक्यातली. माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘माकडताप माहीत नाही तुला? आमच्याकडे शाळेतली पोरं पण सांगतील.’’

तुम्हाला माहीत असेल तर उत्तम. माझ्यासारखे असाल, म्हणजे डेंग्यू, मलेरिया, कोविडच्या पलीकडे गाडी जात नसेल, तर पुढचं वाचा. कारण या गोष्टीतला खरा कलाकार माकड नाहीच. तो आहे तिळाहून लहान असलेला एक गोचीड.

आठ पायांचा चिकट पाहुणा

गोचीड आपल्याला माहीत असतो तो गाई-म्हशींच्या कानामागचा, नाहीतर घरच्या कुत्र्याच्या अंगावरचा. एखादा मित्र सोडतच नसेल तर आपण म्हणतो, ‘गोचिडासारखा चिकटलाय.’ पण हा कीटक नाही. कीटकांना सहा पाय असतात. गोचीड कोळी आणि विंचवाच्या खानदानातला. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याला सहा पाय असतात, पुढे कात टाकल्यावर आठ होतात.

त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. मग तो करतो काय? गवताच्या टोकावर किंवा पाल्यावर चढतो, पुढचे दोन पाय हवेत पसरतो आणि वाट बघत बसतो. त्या पुढच्या पायांवर एक भारी इंद्रिय असतं. आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास हे सगळं त्याला तिथून कळतं. तुम्ही जवळून घासून गेलात की तो चढला. त्याच्या लाळेत जागा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात. म्हणून चावला तरी पत्ता लागत नाही. डास चावला की आपण फटकन हात मारतो. गोचीड काही दिवस आरामात जेवत बसतो.

त्याच्या आयुष्यात तीन मोठी जेवणं असतात: अळी असताना एक, पिल्लू असताना एक आणि प्रौढ झाल्यावर एक. प्रत्येक जेवण सहसा वेगळ्या प्राण्यावर. अळी उंदीर, घूस, पक्षी असं जे मिळेल त्यावर. पिल्लू माकडावर, माणसावर. प्रौढ गोचीड गुरांवर आणि रानातल्या मोठ्या प्राण्यांवर. आता एक लक्षात घ्या. पहिल्या जेवणातल्या रक्तात विषाणू असेल तर तो कात टाकल्यानंतरही गोचिडाच्या पोटात टिकून राहतो आणि दुसऱ्या जेवणाच्या वेळी पुढच्याला मिळतो. रोग पसरतो तो असा, एका जेवणातून दुसऱ्या जेवणात.

पुण्यातून निघालेली जीप

हा विषाणू सापडला त्याची गोष्ट १९५७ची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. तिथे माकडं मरून पडायला लागली आणि पाठोपाठ आजूबाजूच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्यात १९५२पासून व्हायरस रिसर्च सेंटर होतं, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही. तिथल्या शास्त्रज्ञांना घाम फुटला. कारण माकडं आणि माणसं एकदम मरतात असा एक रोग जगाला माहीत होता, पीतज्वर. तो आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत होता, आशियात नव्हता. इथे आला असता तर हाहाकार उडाला असता.

तो पीतज्वर नव्हता. डॉ. टेलफोर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या, रुग्णांच्या आणि गोचिडांच्या नमुन्यांतून एक नवाच विषाणू वेगळा काढला. डेंग्यूच्याच मोठ्या कुटुंबातला, पण डासांऐवजी गोचिडांवर स्वार होणारा. जंगलाच्या नावावरून रोगाला नाव मिळालं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी. कन्नडमध्ये लोक ‘मंगन कायिले’ म्हणतात, आपण माकडताप.

यात एक मस्त वळण आहे. या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला थेट रशियातला. मग शंका आली की सैबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर बसून तर हे गोचीड आले नसतील? १९५९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालून अभ्यास सुरू केला. पुढाकार होता डॉ. सलीम अली यांचा. पक्ष्यांनी रोग आणला हे काही सिद्ध झालं नाही. पण आपले स्थलांतरित पक्षी कुठून येतात, कुठे जातात याची केवढी तरी माहिती त्या कामातून जमा झाली. एका गोचिडाचा माग काढायला निघालेली माणसं पक्ष्यांपर्यंत पोहोचली. सायन्सवाल्यांनो, हे तुमच्यासाठी.

माकडाचा दोष नाही

नाव माकडताप असलं तरी माकड गुन्हेगार नाही, तेही रुग्णच आहे. काळ्या तोंडाची वानरं आणि लाल तोंडाची माकडं या विषाणूने आजारी पडतात आणि मरतात. माकड जिवंत असेपर्यंत त्याच्या अंगावरचे गोचीड त्याच्यासोबत फिरतात. ते मेलं, अंग गार पडलं की गोचीड उतरतात आणि तिथल्याच पाल्यात पसरतात. म्हणजे जिथे माकड मेलं ती जागा विषाणू पोटात घेऊन बसलेल्या गोचिडांचा अड्डा होते. आणि नेमक्या त्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी कोणीतरी काजू वेचायला बसतं.

म्हणून ती चार ओळींची बातमी महत्त्वाची. माकड मेल्याचं वेळेवर कळलं तर आरोग्य विभाग त्या भागात मॅलॅथिऑनची पावडर मारतो, माकडाचे नमुने तपासणीला जातात, आशाताई घरोघरी जाऊन कोणाला ताप आहे का ते बघतात, लोकांना त्या बाजूला फिरकू नका असं सांगता येतं. कळलंच नाही तर आजार कळतो तो माणूस आडवा झाल्यावर.

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप येतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, उलट्या होतात. काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येतं. प्लेटलेट्स कमी होतात, त्यामुळे सुरुवातीला हा डेंग्यूच वाटू शकतो. बहुतेक जण बरे होतात, पण अशक्तपणा खूप दिवस पाठ सोडत नाही. काही रुग्णांना बरं वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि या वेळी मेंदूवर परिणाम दिसतो. शंभरातले साधारण तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर नेमकं औषध नाही. लक्षणं सांभाळायची, शरीरातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, रक्तस्रावावर लक्ष ठेवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. दिलासा एकच, एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही.

काजूचा सीझन, तापाचा सीझन

अनेक वर्षं हा रोग कर्नाटकातल्या त्या एका पट्ट्यापुरताच आहे असं समजलं जायचं. मग २०१२ साली बंदीपूरच्या जंगलात मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणाऱ्यांना तो झाला. पाठोपाठ तमिळनाडूचा निलगिरी भाग, केरळमधलं वायनाड. २०१५मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या बागांत काम करणारे आजारी पडले. आणि २०१६च्या सुरुवातीला आपल्या दोडामार्ग तालुक्यात, केर गावाकडे. त्या एका मोसमात सिंधुदुर्गात शंभराहून जास्त लोकांना लागण झाली. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या बाजूला तो पोहोचला.

रूममेट तेव्हा शाळेत होती. तिला आठवतं ते असं: गावात सारखी आरोग्य खात्याची गाडी, हातापायाला लावायला तेलाच्या बाटल्या, आणि माकड दिसलं की मोठ्या माणसांची आपापसातली कुजबुज.

आता कॅलेंडर बघा. माणसाला चावणारी गोचिडाची पिल्लं जास्त असतात ती डिसेंबर ते मे. काजूचा मोसम फेब्रुवारी ते मे. बागेत जायचं, वाढलेलं गवत काढायचं, खाली पडलेले बोंडू गोळा करायचे, तिथेच पाल्यात बसून बिया वेगळ्या करायच्या. त्याच दिवसांत रानातून पातेरा गोळा करून आणायचा, भाजावळीला आणि गोठ्यात अंथरायला. म्हणजे ज्या सुक्या पानांत गोचीड दबून बसलाय ती पानं डोक्यावरून घरी आणायची. शिवाय गुरं रानात चरून येतात ती प्रौढ गोचिडांना पोसत. गुरांना हा आजार सहसा होत नाही, पण गोचिडांची संख्या त्यांच्यावर वाढते.

‘मग रानात जाऊ नका ना,’ असं आपण इथे बसून सहज म्हणू शकतो. मी पण म्हटलं. रूममेटने तिच्या आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकू हसल्या. म्हणाल्या, ‘‘रानात जाव नको म्हणतत. मगे आमी खातलंव काय?’’ काजूचे तीन-चार महिने म्हणजे त्यांच्या घराचं अर्ध्या वर्षाचं गणित. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संशोधन आता जे सांगतंय ते काकूंच्या म्हणण्याच्या जवळ जाणारं आहे. बंगळुरूची एट्री ही संस्था, इंग्लंडमधले शास्त्रज्ञ आणि आपल्या आरोग्य, पशुवैद्यक क्षेत्रातल्या संस्था यांनी एकत्र येऊन पश्चिम घाटाचा नकाशा तपासला. धोका फक्त घनदाट जंगलात नाही. जिथे जंगल, बागायत, शेती आणि वस्ती एकमेकांत मिसळलेली आहेत तिथेही तो आहे. जंगल तोडून, तुकडे करून आपण ज्या सीमारेषा तयार केल्या त्या रेषांवर माकड, गुरं, माणूस आणि गोचीड रोज भेटतात. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला तिथे चालत नाही, कारण जंगल परसातच आहे.

पांढरं फडकं आणि सीलबंद लॅब

गोचिडांचा अभ्यास करतात कसा? मला वाटलं काहीतरी हायटेक असेल. निघालं पांढरं फडकं! फ्लॅनेलचं पांढरं कापड काठीला बांधून जंगलातल्या पाल्यावरून ओढत न्यायचं. एखादा प्राणी चाललाय असं समजून गोचीड त्यावर चढतात. मग चिमट्याने एकेक वेचायचा, कुठे सापडला ते लिहायचं, सूक्ष्मदर्शकाखाली जात आणि अवस्था ओळखायची. माणसांसाठी सगळ्यात धोक्याची जात हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. एका प्रकारचे गोचीड एकत्र करून त्यांच्यात विषाणू आहे का ते तपासायचं. उन्हात, ओणव्याने, तासन् तास.

पुढचं काम मात्र खरंच हायटेक. पूर्वी या विषाणूवर प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाच त्याची लागण झाली होती. त्यामुळे आता अशा विषाणूंवर काम चालतं ते पुण्यात पाषाणला, एनआयव्हीच्या बीएसएल-४ प्रयोगशाळेत. २०१२मध्ये सुरू झालेली ही देशातली त्या दर्जाची पहिली लॅब. हवा गाळून बाहेर सोडणारी, शास्त्रज्ञांना अंतराळवीरासारखे सूट घालायला लावणारी.

पण गावातल्या रुग्णाला पाषाणचा काय उपयोग? सिंधुदुर्गातून नमुना पुण्याला किंवा मणिपालला जायचा, रिपोर्ट यायला वेळ लागायचा. यावर एनआयव्हीने गोव्याच्या मोलबायो कंपनीबरोबर ट्रूनॅट ही चाचणी तयार केली. बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र, जिथे मोठी लॅब नाही तिथेही चालेल असं. मोठ्या शोधाइतकंच हेही काम महत्त्वाचं आहे, असं मला वाटतं.

लशीची गोष्ट मात्र तितकी गोड नाही. कर्नाटकात १९९०पासून एक लस दिली जात होती. अभ्यासात दिसलं की दोन डोस घेतलेल्यांना साधारण ६२ टक्केच संरक्षण मिळतं, बूस्टर घेतला तर ८३च्या आसपास. दुखायची खूप, त्यामुळे लोक पुढचा डोस टाळायचे. पुढे तिचा प्रभावच पुरेसा नाही असं आढळलं आणि २०२२मध्ये ती थांबली. आयसीएमआर आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स नव्या लशीवर काम करत आहेत. म्हणजे १९५७ला सापडलेल्या रोगासाठी आपण अजून चांगल्या लशीची वाट बघतोय. हा रोग शहरात, विमानतळाजवळ पसरला असता तर इतकी वर्षं गेली असती का? प्रश्न विचारायला काय हरकत आहे.

कोणीतरी लक्ष दिलं म्हणून

हे फक्त कोकणाचं नाही. २०११च्या जानेवारीत गुजरातमध्ये अहमदाबादजवळच्या एका गावातली महिला तापाने आणि रक्तस्रावाने दगावली. मग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. पुण्याच्या एनआयव्हीने निदान केलं, क्रायमियन-काँगो ताप. तोही गोचिडांमुळेच, पण गुरांवरच्या वेगळ्या जातीच्या. आणि हा रुग्णाच्या रक्तातूनही पसरतो. भारतात माणसांमध्ये तो पहिल्यांदाच सिद्ध झाला होता.

अमेरिकेत १९७५च्या सुमारास लाइम नावाच्या गावात पॉली मरे या आईच्या लक्षात आलं की आपल्याच नाही, शेजारपाजारच्या मुलांचेही सांधे सुजतायत. तिने नोंदी ठेवल्या आणि डॉक्टरांच्या मागे लागली. पुढे १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडांत त्यामागचा जिवाणू सापडला. आज त्या लाइम डिसीजबद्दल जगभर बोललं जातं.

तिन्ही गोष्टींत सुरुवात सारखीच. कोणाला तरी काहीतरी वेगळं दिसलं आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही.

तुम्ही काय कराल?

जानेवारी ते मे या काळात आंबोली, तिलारी, दोडामार्ग, चोर्ला घाट या भागात ट्रेकला, फील्ड व्हिजिटला किंवा एनएसएसच्या कॅम्पला जाणार असाल तर एवढं करा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, आणि पँटचं टोक मोज्यात खोचा. फोटोत वाईट दिसेल, दिसू दे. पाल्यावर थेट बसू नका. आरोग्य केंद्रातून मिळणारं डीएमपी किंवा डेपा तेल उघड्या अंगाला लावा. डेपा आपल्याच डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने तयार केलंय.

परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि साबण लावून अंघोळ करा. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे नीट बघा.

गोचीड चिकटलेला दिसला तर रॉकेल, काडेपेटी, नेलपॉलिश असले प्रयोग नकोत. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीच्या अगदी जवळ पकडा आणि न पिळता सरळ, सावकाश ओढा. बोटांनी चिरडू नका. मग जागा साबणाने धुवा.

नंतर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘ताप आहे’ एवढंच सांगू नका. ‘अमुक तारखेला अमुक जंगलात गेलो होतो’ हेही सांगा. ते एक वाक्य तपासणीची दिशा बदलू शकतं.

आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, रील तर अजिबात नको. जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाला (हेल्पलाइन १९२६), ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. दोन मिनिटांचा फोन आहे. तो लागला तर दुसऱ्या दिवशी त्या बागेत बसणाऱ्या एखाद्या काकू वाचतील.

त्या दिवसापासून जिल्ह्यांच्या बातम्या मी वेगळ्या नजरेने वाचते. परवा पुन्हा एक आली, तीन ओळींची, माकडाचीच. मी ती कापली नाही. फोन करून वार्ताहराला विचारलं, आरोग्य विभागाला कळवलंय का? ते म्हणाले, ‘‘कळवलंय, पावडर मारून झाली.’’ मग त्या तीन ओळींच्या चार झाल्या.